नगरमधलं पेटी दुरुस्तीचं दुकान: आईच्या पेटीचा अनुभव

आधी कामाचं सांगते, कारण पेटी बिघडली की माणूस घाईत असतो. नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात नगरच) हार्मोनियम दुरुस्त करून हवी असेल तर दिल्ली दरवाज्याच्या आत शिरा आणि पेटीवाले चाचा कुठे बसतात ते कोणालाही विचारा. दुकानाला पाटी नाही. खाली सायकलच्या पंक्चरचं दुकान, त्याच्या बाजूने अरुंद जिना, वर एक खोली. जिन्याला कठडा एकाच बाजूला आणि तोही हलतो. वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर एक जण पुढे, एक मागे असे जा. शुक्रवारी दुपारी बंद. फोन आहे, पण उचलत नाहीत. जाऊनच भेटायचं.

आता अनुभव. तो लांब आहे, कारण पेटी आईची आहे.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत १९६८ ला लागली, २००५ ला निवृत्त झाली. सदतीस वर्षांतली तेवीस नेवासे तालुक्यातल्या एकाच गावात. पहिली ते चौथी, दोन खोल्या, तिसरा वर्ग मारुतीच्या ओसरीवर. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, आम्ही पोरंही चारचौघांत बाईच म्हणायचो, कारण शाळेच्या वेळात आई म्हटलं की ती ओ द्यायची नाही.

पेटी तिने १९७४ साली घेतली. स्वतःच्या पैशाने, हप्त्याने. तीन महिन्यांचा पगार गेला असं ती सांगते, आणि त्यावर वडील आयुष्यभर "चार म्हणाली होतीस" असं सांगत राहिले. शाळा तपासायला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी वर्गात पेटी बघून विचारलं, "बाई, ही कोणत्या हेडखाली?" ती म्हणाली, "पगाराच्या." तेवढ्यावर तपासणी पुढे सरकली.

वाजवायला तिला शिकवलं गावच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांनी. आम्ही ख्रिस्ती, गाव वारकरी, आणि ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे हाकेच्या अंतरावर. बुवांची फी ठरलेली: त्यांचा मुलगा मुंबईत गिरणीत होता, त्याला पत्र लिहून द्यायचं आणि आलेलं वाचून दाखवायचं. सप्ताहात आमची पेटी मारुतीच्या देवळात जायची. आई जायची नाही. गावाने आग्रह केला नाही, तिनेही विषय काढला नाही. काल्याचा प्रसाद मात्र पेटीबरोबर घरी यायचा आणि आम्ही तो खायचो. रविवारी तीच पेटी एसटीने वडाळ्याला, उपासनेला. वडाळा म्हणजे जुनं मिशनचं ठाणं, अमेरिकन मराठी मिशनचं. कंडक्टर पेटीचं लगेज फाडायचा. ती तिकिटं तिने कित्येक वर्षं एका डब्यात ठेवली होती, हिशोब म्हणून. कोणाला द्यायचा होता तो हिशोब, देव जाणे. बहुतेक त्यालाच.

ऊसतोडीचा हंगाम आला की कारखान्याच्या रस्त्याला कोप्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्या, पडायच्या. टोळीतली पोरं शाळेत येत नसत. लहान भावंडं सांभाळायला कोपीवर लागत. मग आई संध्याकाळी पेटी सायकलला बांधून कोप्यांवर जायची. पाढे चालीवर म्हणून घ्यायची, चिंचोके देऊन बेरीज-वजाबाकी शिकवायची. त्यासाठी एक कापडी पिशवीभर चिंचोके कायम तिच्याजवळ असत. चिंचोक्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

निवृत्तीनंतर ती नगरला आली आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रुजू झाली. हा शब्द माझा नाही, तिचाच. शब्बाथशाळा (मुलांची रविवारची शाळा) घेते, महिला मंडळात आहे, नऊ वर्षं पंचकमिटीवर, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीवर, खजिनदार होती. दर सोमवारी सकाळी अर्पणाची नाणी टेबलावर मांडून दहा-दहाच्या चळती लावायची. एकदा सात रुपये कमी भरले तर पाळकसाहेबांच्या घरी जाऊन दानपिशवीचं अस्तर उसवून बघितलं होतं. रुपये निघाले नाहीत, पण अस्तर फाटकं निघालं. तिने तिथेच बसून शिवलं आणि सात रुपये स्वतःचे टाकले, तेही वहीत लिहून. आणि अर्थात दर रविवारी पेटी. उपासना संगीत, म्हणजे आमचं पदांचं पुस्तक, उघडायचं ते फक्त समोर असावं म्हणून. नंबर सांगितला की बोटं चालू होतात. त्यातली रेव्हरंड टिळकांची पदं तर भजनाच्याच अंगाची, ती बुवांकडून शिकलेल्या हाताला सहज बसतात.

सहा वर्षांपूर्वी ती मोरीत घसरली आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर आला नाही. पेटीचा भाता डाव्या हाताने मारायचा असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं कळेल. त्याच सुमारास माझ्या भावाने प्रेमापोटी पेटी पुण्याच्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात सर्व्हिसिंगला दिली. साडेसहा हजार घेतले. पेटी आली ती आरशासारखी चकचकीत होऊन. छापील बिल, त्यावर "ट्यूनिंग, की-बोर्ड क्लीनिंग, बेलोज" असं तीन ओळीत. आणि भाता असा घट्ट की मी दोन्ही हातांनी लावला तरी दमले. आई काही बोलली नाही. पुढच्या रविवारपासून तिने शब्बाथशाळेतला एक पोरगा समोर बसवला, भाता मारायला. तो पोरगा जीव खाऊन भाता मारायचा. पद जसं पुढे जाई तशी लय वाढे, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सगळी मंडळी एसटी पकडायला निघाल्यासारखी गात असे. पाच वर्षं असं चाललं. पोरगे बदलले, लय तीच.

यंदा पावसाळ्यात उंदीर शिरला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आगमनकाळ सुरू होतो त्या दिवशी, पेटीने पहिल्याच पदाला असा सुस्कारा टाकला की पुढच्या बाकावरची माणसं हसली. नाताळ तोंडावर. वीस तारखेपासून रात्री घरोघर कॅरल गायला निघायचं असतं. सोमवारी मी रजा टाकली, आई आणि पेटी दोघींना रिक्षात घातलं आणि चाचांकडे गेले.

नाही, ते आईचे विद्यार्थी निघाले नाहीत. नगर जिल्ह्यात दर तिसरा माणूस निघतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

खोलीत पाय ठेवायला जागा नाही. भिंतीला टेकून आठ-दहा पेट्या, काही उघड्या, काहींचे नुसते सांगाडे. स्टोव्हवर एका डब्यात सरस तापत होता, त्याचा वास सहन करायची तयारी ठेवा. कातडं उकळल्याचा वास तो. चाचा साठीचे असतील. कान मिरजेत तयार झाला म्हणतात, तंबोरे करणाऱ्यांकडे काही वर्षं होते, पण हात पेटीतच रमला. मी पेटी पुढे ठेवली आणि तक्रार सांगायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"वाजवतं कोण?"

मी आईकडे बोट केलं.

"बाई, बसा. वाजवा."

"अहो, ती वाजत नाही म्हणून तर आणली," आई म्हणाली. "आधी उघडा."

"तुम्ही वाजवल्याशिवाय मी उघडत नाही."

आईला कोणी हुकूम केलेला मी फारसा पाहिलेला नाही. ती खाली सतरंजीवर बसू शकत नाही, म्हणून तिला मोडकं स्टूल दिलं आणि पेटी एका खोक्यावर ठेवली. तिने काळी चार धरली, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा मानला, आणि एक पद सुरू केलं. पेटी फुसफुसत होती. चाचा सुरांकडे लक्ष देत नव्हते. ते वाकून तिच्या डाव्या मनगटाकडे बघत होते. अर्ध्या कडव्यात त्यांनी हात वर केला.

"हात कधी मोडला?"

मग तिला थांबवून त्यांनी सुरांकडे हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद केल्या, भाता एकदा पूर्ण भरला आणि सोडून दिला. बोटांवर मोजायला लागले. सातपर्यंत मोजलं आणि भाता खाली बसला. चांगल्या पेटीचा भाता हवा धरून ठेवतो, कुठे गळती असेल तर असा बसतो. हे घरी कोणीही करून बघू शकतं. जुनी पेटी विकत घेणार असाल तर नक्की करा, विकणारा नको म्हणाला तर उठा.

"उंदराने खाल्लंय ते मी करीन," चाचा म्हणाले. "पण याच्या आधी स्प्रिंग कोणी घातलीय ही? ही पैलवानाची स्प्रिंग आहे."

मी पुण्याचं सांगितलं, बिलावरच्या तीन ओळीही सांगितल्या. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. पट्ट्यांची चौकट ज्या स्क्रूंनी बसवलेली असते त्यांच्या खाचा दाखवल्या. खाचांत पॉलिश गच्च भरून वाळलेलं होतं. नखाने खरवडून दाखवलं. "पॉलिशनंतर इथे स्क्रूड्रायव्हर लागलेलाच नाही. आणि आधी लागला असता तर जुनी धूळ निघाली असती. ही बघा धूळ." की-बोर्ड क्लीनिंगचे पैसे घेतले होते आणि पट्ट्या उघडल्याच नव्हत्या. मी चिडले. आई म्हणाली, "दादाला सांगू नकोस, त्याने हौसेने केलं होतं."

साडेतीन हजार सांगितले. आठ दिवसांत देतो म्हणाले. आईने पावती मागितली. पावती नाही. आईने पर्समधून वहीचा कागद काढला, त्यावर तारीख, "एक हार्मोनियम, दुहेरी सुरांची, दुरुस्तीस दिली" असं लिहिलं आणि त्यांची सही घेतली. चाचांनी निमूटपणे केली.

आठ दिवसांनी गेले तर पेटीला हात लागला नव्हता. समोरच्या दर्ग्यातल्या कव्वालीवाल्याची पेटी आधी, मग एका दिंडीची, मग आमची. याबद्दल मी त्यांना बोलले आणि इथेही लिहिते: तारीख पाळत नाहीत. सांगितलेल्या दिवसात तेवढेच दिवस मिळवा आणि मगच तुमच्या कार्यक्रमाचा हिशोब करा. तीन दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून त्यांचा निरोप आला, "बाईंना घेऊन या, दाखवायचंय."

पुन्हा तो जिना. पेटी पूर्ण उघडलेली. आतली रचना मी पहिल्यांदा पाहिली. पितळेच्या छोट्या छोट्या पट्ट्या, त्यांत रिव्हेटने बसवलेली जीभ, त्यांना सूर म्हणतात. आमच्या पेटीतले पालिताण्याचे निघाले. गुजरातेतलं पालिताणं, जैनांचं मोठं तीर्थ, आणि पेटीवाल्यांचंही तीर्थच. "हे बदलायचे नाहीत, कोणी कितीही सांगितलं तरी," चाचा म्हणाले. सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाशी घासायचं, उतरवायचा तर मुळाशी. टोक हलकं झालं की जीभ भराभर थरथरते, एवढं साधं गणित, पण एक घास जास्त झाला की संपलं. फोनवर ट्यूनरचं ॲप त्यांच्याकडे आहे, मात्र ते बघतात सर्वांत शेवटी. आधी दोन ओळींतले जोडीचे सूर एकदम वाजवतात. दोघांत फरक असला की आवाजात लाटा ऐकू येतात, वंव-वंव-वंव. त्या लाटा संथ होत होत थांबल्या की जोडी जुळली. त्यांनी एक जोडी आमच्यासमोर जुळवली. लाटा थांबल्या त्या क्षणी आईने मान हलवली, चाचांनी तिच्याकडे बघून कानस खाली ठेवली. मला तेव्हाही थोडी थरथर ऐकू येत होती, पण माझा कान वडिलांवर गेलाय.

दाखवायचं होतं ते वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेलं. उंदराचं घरटं: कागदाच्या बारीक चिंध्या, त्यांत आईचं अक्षर. शब्बाथशाळेच्या हजेरीचे कागद ती पेटीच्या खोक्यात ठेवायची, उंदराने तेच नेलेले. अर्धी अर्धी नावं दिसत होती. एक पंचवीस पैशांचं नाणं. एक निळं बटण. आणि तीन चिंचोके.

"दोन भात्याच्या कडेला होते," चाचा म्हणाले. "हा तिसरा पांढऱ्या पट्टीच्या खाली. म्हणून ती पट्टी दबत नव्हती. किती वर्षं?"

आता हे नीट समजून घ्या. काळी चार धरून वाजवलं की वरचा गंधार एका पांढऱ्या पट्टीवर येतो. आमच्या पेटीची ती पट्टी मुकी होती. माझ्या आठवणीत ती कायमच मुकी आहे. आई म्हणायची, "बसलीय ती, चालतंय." आणि वाजवताना ती गंधार गाळून रिषभावरून खाली यायची.

आईने चिंचोका उचलला, चष्मा वर करून बघितला. एक बाजू काळी गुळगुळीत, दुसरी दगडावर घासून पांढरी केलेली. घासून पातळ झाला म्हणूनच पट्ट्यांच्या फटीतून आत गेला असणार.

"हा माझ्या पिशवीतला नाही," ती म्हणाली. "माझे अख्खे असत. हा खेळायचा आहे. चौकाबाऱ्याचा फासा." मग माझ्याकडे वळून, जणू मीच वर्गाची मॉनिटर, "वर्गात कोणी आणला होता हा?"

चाळीस वर्षांनी ती चौकशी लावत होती. चाचा हसायला लागले. ती हसली नाही. तिने चिंचोका रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.

त्या दिवशी चहा झाला, गप्पा झाल्या. चाचा बोलके आहेत. काम लवकर हवं असेल तर चहा टाळा. पेटी मूळची विलायती, पॅरिसमध्ये १८४२ साली एकाने तिचं पेटंट घेतलं, पायाने वाजवायची होती. पुढे कोलकत्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची केली. रेडिओवाल्यांनी १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, परकी म्हणून, आणि ती तीस वर्षं टिकली. हे सगळं चाचांनी सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "अठराशे बेचाळीस? त्याच साली इथे नगरला ज्ञानोदय निघाला." सनावळ्या पाठ असणं हा तिचा जुना आजार आहे. चाचांना ज्ञानोदय म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग तिने त्यांना मराठी ख्रिस्ती पत्रकारितेवर दहा मिनिटांचा पाठ दिला. सरस डब्यात घट्ट होत होता.

तिथेच त्यांनी एक प्रश्न विचारला, जो पुण्याच्या काचेच्या दुकानात कोणी विचारला नव्हता: किती लोकांसमोर वाजवता, माइक आहे का? माइक आहे म्हटल्यावर म्हणाले, मग आवाज मोठा कशाला हवा, स्प्रिंग हलकी घालू. हवेचा दाब कमी, आवाज थोडा मऊ, पण भाता दोन बोटांवर चालेल. स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) घाला असं मी सुचवलं, सध्या सगळे घालतात. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मला माझी काळी चार कुठे आहे ते कळलं पाहिजे." विषय संपला.

पेटी मिळाली एकोणीस तारखेला संध्याकाळी. आठ दिवसांचे सतरा झाले. चार हजार तीनशे मागितले. वरचे आठशे पट्ट्यांखालच्या नमद्याचे (जाड लोकरी कापडाचे) आणि कातड्याचे. आधी सांगायला हवं होतं, तसं मी म्हणाले. आई मजुरीत घासाघीस करत नाही, करूही देत नाही, पण कशाचे किती ते लिहून मागते. चाचांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागे लिहून दिलं: भाता, स्प्रिंग, नमदा, सूर मिळवणे. वर मथळा, "पेटी दुरूस्ती". आईने पर्समधून लाल पेन काढलं, रु दीर्घचा ऱ्हस्व केला आणि मग पैसे दिले.

"बाई, किती मार्क?" चाचांनी विचारलं.

"तारीख चुकली. उशिराचे दोन गेले."

म्हणजे दहापैकी आठ असावेत. माझेही तेवढेच. पाचात मोजायचं तर चार तारे. कामाला पूर्ण पाच देईन. एक तारा उशीर, न उचललेला फोन आणि न सांगता वाढलेले आठशे मिळून कापला. अजून एक बारीक तक्रार आहे: उजवीकडची शेवटची खुंटी ओढताना आता कुरकुरते, आधी कुरकुरत नव्हती. गॅरंटी तोंडी आहे, "वर्षात काही झालं तर आणा", आणि ती पाळतील असं मला वाटतं. पेटी चमकवून दिवाणखान्यात ठेवायची असेल तर इथे जाऊ नका; त्यांनी आमच्या पॉलिशला फडकंसुद्धा मारलं नाही, वर सरसाचा अंगठा उमटलेला तसाच आहे.

वीस तारखेपासून चार रात्री कॅरलला आई रिक्षात बसून होती, पेटी मांडीवर, आम्ही पायी. गल्लीत शिरलं की रिक्षा थांबायची आणि ती आतूनच वाजवायची. भाता तिचा तीच मारत होती. समोर बसायला आलेल्या पोराला तिने करंजी देऊन परत पाठवलं. तो जरा हिरमुसला, पाच वर्षांची गादी गेली त्याची.

आणि आता रविवार. बावीस तारीख, चर्च भरलेलं, मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली माणसं. एक पद आहे, त्याच्या दुसऱ्या ओळीचा शेवट वर जातो. म्हणजे मुंबईला वर जातो, पुण्याला वर जातो. आमच्याकडे खाली येतो. पाहुणे नेहमी तिथे अडखळतात आणि आम्ही त्यांना सांगतो की ही नगरची जुनी चाल आहे. मीही सांगितलंय. एकदा तर पाळकसाहेबांनी मिशनऱ्यांच्या काळापासूनची चाल असं एका पाहुण्याला सांगितल्याचं मी ऐकलं आहे.

आईने त्या ओळीला पेटी वर नेली. गंधार लागला, स्वच्छ, गोल, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आणि सगळी मंडळी, तीनशे माणसं, एका सुरात खाली आली. फक्त मागच्या बाकावरची मुंबईची दोन माणसं पेटीबरोबर वर गेली आणि घाबरून गप्प झाली.

आईने मान वर करून बघितलं. पुढच्या कडव्याला ती रिषभावरून खाली उतरली, मंडळीबरोबर.

घरी जाताना रिक्षात मी काही बोलले नाही. कोठी रस्त्याच्या वळणावर तीच म्हणाली, "जानेवारीपासून शब्बाथशाळेत ते पद घेते. लहानांपासून. मोठ्यांना आता काय बदलायचं." मग थोड्या वेळाने, "आणि तो चिंचोका ज्याचा असेल तो आज पन्नाशीचा असेल."

हे सगळं चाचांना सांगावं म्हणून संध्याकाळी फोन केला. उचलला नाही.